हम्प्ता खिंड, चंद्रताल आणि नानांचे दोन उपास

ठाण्यात तळ्यांना तोटा नाही. मासुंदा आहे, उपवन आहे, कचराळी आहे. असं असताना आणखी एक तळं बघायला चौदा हजार फुटांवर कशाला जायचं, असं सोसायटीच्या गच्चीत कुणीतरी विचारलंच. नाना म्हणाले, "तिथे काठावर पाणीपुरीवाला नसतो म्हणून."

नाना म्हणजे आमचे शेजारी. वय ६३. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झालेले, चाळीस वर्षं सह्याद्री तुडवलेले आणि दर आषाढीला पंढरपूरला जाणारे. दुसरी माझी भाची मुक्ता, वय २३, रोज पहाटे जिमला जाणारी. तिसरी मी. हे दोघं पुढे चालतात आणि मी मागून येते, हे येऊरच्या चढावर सराव करतानाच ठरून गेलं होतं.

मार्ग हम्प्ताचा निवडला, कारण पाच दिवसांत तो सगळं दाखवतो. मनालीजवळून कुलू खोऱ्यात चढायला सुरुवात करायची, ४२७० मीटरवरची खिंड ओलांडायची, पलीकडे हिमाचलच्याच कोरड्या लाहौल भागात उतरायचं आणि तिथून गाडीने चंद्रताल, म्हणजे ते तळं. जूनमध्ये खिंडीत बर्फ भरपूर असतो. आम्ही उशिरा गेलो, राखी झाल्यावर, गोकुळाष्टमीच्या आठवड्यात. मला दहीहंडीच्या स्पीकरपासून पळायचं होतं. नानांना मात्र त्या आठवड्यात श्रावणी सोमवार आणि गोकुळाष्टमी असे दोन उपास येत होते आणि दोन्ही करायचेच होते. "ट्रेकवर उपास?" मुक्ताने विचारलं. "रोजचं चालणं तेवढंच, खाणं फक्त वेगळं," नाना म्हणाले.

तयारी बरी झाली होती. दोन महिने दर रविवारी उपवनहून येऊर, आणि एरवी संध्याकाळी बिल्डिंगचे बारा मजले पाठीवर सॅक घेऊन वर-खाली. एक चूक तेवढी राहून गेली, ती मंगळवारी कळली. तिथे आल्यावर सांगते.

शनिवार – मनाली

शुक्रवारी रात्री विमानाने चंदीगड, तिथून रात्रभर बस, सकाळी मनाली. बसमध्ये झोप झाली नाही एवढंच. एक पूर्ण दिवस मनालीत मुद्दाम ठेवला होता. मनाली २०५० मीटरवर आहे. म्हणजे तिथल्या बाजारात नुसतं मोमो खात उभं राहिलं तरी आपण कळसूबाईच्या शिखरापेक्षा चारशे मीटर वर असतो. ठाण्याच्या खाडीकाठच्या फुप्फुसांना हे समजायला एक दिवस द्यावाच. आम्ही दिवसभर हळूहळू फिरलो, हडिंबा मंदिराभोवतीच्या देवदारांखाली बसलो आणि रात्री नऊला झोपलो. पाऊस पडत होता. ठाण्यातलाच पाऊस, फक्त थंड.

एक सांगून ठेवते. रोख पैसे मनालीतच काढा. पुढे एटीएमही नाही आणि फोनला रेंजही नाही. घरच्यांना "गुरुवार संध्याकाळपर्यंत फोन येणार नाही" असं स्पष्ट सांगून निघा. नुसतं "रेंज कमी असेल" असं सांगितलं की आई रात्री झोपत नाही.

रविवार – जोबरा ते चिका

प्रिणी गावावरून जीप वर चढते. चाळीसेक वळणं आहेत आणि शेवटच्या दहांत मुक्ताने डोळे मिटून घेतले होते. जोबराला उतरलो की रस्ता संपतो आणि जंगल सुरू होतं. पहिला दिवस दोन-तीन तासांचाच, चालणं सोपं. शेजारून नदी, वर मेपल आणि भूर्ज. भूर्जाची साल कागदासारखी पातळ, पापुद्र्यांनी सुटणारी. नाना एका झाडाशी बराच वेळ थांबले. यावरच पोथ्या लिहायचे, म्हणाले. पडलेला एक पापुद्रा उचलून मुक्ताच्या हातात दिला. झाडावरची साल सोलू नका, लोक सोलतात आणि झाड उघडं पडतं.

चिकाचा मुक्काम दहा हजार फुटांच्या थोडा वर, दोन्ही बाजूंना कातळाच्या भिंती आणि मधे हिरवळ. आमच्याबरोबर आणखी नऊ जण होते, बंगळुरूचे पाच, दिल्लीचे दोन आणि इंदूरचं एक नवराबायकोचं जोडपं. लीडर मनालीजवळच्याच गावातला, तिशीतला मुलगा. त्याने संध्याकाळी सगळ्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला आणि वहीत आकडे लिहिले. नंतर एक वाक्य बोलला ते मला आवडलं, "यहाँ कोई बहादुरी नहीं करेगा. सर दुखेगा तो बोलेगा." डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारून ठाण्यातच ठरवून या. आमच्यापैकी नानांना रक्तदाबाची गोळी असल्याने त्यांनी आधीच सगळं विचारून घेतलं होतं.

रात्री नानांनी डब्यात साबुदाणा भिजत घातला. लीडरने ते पाहिलं, पण तो काही बोलला नाही.

सोमवार – बालू का घेरा

दिवसभर झिरमिर पाऊस. चढ फार नाही, पण दगडांतून सतत वर-खाली. नदीच्या दोन्ही बाजूंना फुलं होती, पिवळी, जांभळी, आणि मधेच एखादं निळं. नावं आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हती. सॅकवर प्लास्टिकचं आवरण होतंच, पण खरा उपयोग आतल्या पिशव्यांचा झाला. सगळे कपडे वेगवेगळ्या पिशव्यांत बांधून ठेवायची सवय पावसाळी ट्रेकमुळे आपल्याला असतेच. बंगळुरूच्या मंडळींची स्लीपिंग बॅग भिजली, आमची नाही. याचा मला जरा गर्व झाला, तो दुसऱ्या दिवशी उतरला.

जवारापाशी एक ओढा ओलांडायचा असतो. बूट काढून, एकमेकांचे हात धरून, गुडघाभर पाण्यातून. पाणी म्हणजे वितळलेलं बर्फच. पहिल्या चार पावलांना थंडी वाजते, नंतर पाय आपले राहतच नाहीत. पलीकडे एका गड्याने जाळ केला होता.

हा गडी म्हणजे गद्दी. कांगडा-चंबाकडचे मेंढपाळ. अंगात पांढरा लोकरी चोला, कमरेला लोकरीचाच जाड दोर गुंडाळलेला, आणि चोल्याच्या आत, पोटाशी, एक कोकरू. त्याचं फक्त तोंड बाहेर. शेजारी दोन झिपरे कुत्रे, गळ्यात लोखंडी काटेरी पट्टे. बिबट्याने मानगूट धरू नये म्हणून. नाना त्याच्या जाळाशी बसले आणि दोघांची हिंदी छान जुळली, दोघांचीही मोडकीच होती. उन्हाळ्यात तो कळप घेऊन हीच खिंड ओलांडून लाहौलला गेला होता आणि आता परतीला लागला होता. एवढ्या वर का जाता, विचारलं तर म्हणाला, "इधर बारिश बहुत है. भेड़ का खुर सड़ जाता है. उधर सूखा है, घास मीठी है."

नानांनी त्याला आपल्या धनगरांची गोष्ट सांगितली. पावसाळा सरला, दिवाळी झाली की देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात येतात, कल्याण-मुरबाडकडे शेतांत त्यांचे कळप बसतात. आपले धनगर चाऱ्यासाठी खाली उतरतात आणि हे लोक पावसाला चुकवायला वर चढतात. तो ऐकून हसला. "पहाड़ एक ही काम का है," म्हणाला, "इधर से उधर जाने का." मग नानांना बिडी देऊ केली. नानांनी उपासामुळे घेतली नाही. बिडी उपासाला चालते की नाही यावर पुढे अर्धा तास चर्चा झाली.

बालू का घेरा म्हणजे वाळूचा घेर. नदी इथे पसरते आणि वाळूचं सपाट मैदान करते, तंबू तिथेच. जवळपास बारा हजार फूट. इथे साबुदाण्याचा प्रसंग घडला. थंडीमुळे तो नीट फुगलाच नव्हता, दाणे आत कडक. आचारी कुलूचा, साबुदाण्याची खीर त्याला माहीत, खिचडी नाही. त्याने आपल्या बुद्धीने त्यात आणखी पाणी घालून शिजवला. जे झालं ते पातेलं उलटं केलं तरी पडेना. नानांनी ते कापून खाल्लं. दाण्याचं कूट वरून भुरभुरवलं आणि अगदी शांतपणे खाल्लं. आचारी बिचारा ओशाळून म्हणाला, "बाबूजी, सावन तो निकल गया. अब काहे का व्रत?"

मग नानांनी त्याला आपला हिशेब समजावला. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे राखी झाली की तुमचा श्रावण संपतो, आमचा अजून पंधरा दिवस चालतो. आचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तो भगवान किसका हिसाब मानते हैं?" नाना त्यावर काही बोलले नाहीत. त्याने उकडलेले बटाटे, जिरं आणि सैंधव घालून आणून दिले. ते मात्र झकास होते, आम्हीही खाल्ले.

त्या रात्री डोकं दुखलं ते मुक्ताचं. जिम, पळणं, सगळं असून. नाना घोरत होते. उंची कुणाला लागेल आणि कुणाला नाही याचा तब्येतीशी फारसा संबंध नसतो असं लीडरने सांगितलं. तिला गरम पाणी पाज, लवकर झोपव, सकाळी ऑक्सिजन बघू, म्हणाला. सकाळी आकडा ठीक होता आणि तिला भूकही लागली होती. भूक लागणं ही चांगली खूण.

मंगळवार – खिंड

पहाटे चारला चहा. सहाला निघालो. आजचा दिवस नऊ-दहा तासांचा असतो. सुरुवातीला मोठमोठे दगड, मग घळीतून चढ, मग शेवटचा उभा टप्पा. एवढ्या उंचीवर एका श्वासात समुद्रकाठच्या मानाने जेमतेम ६० टक्के ऑक्सिजन मिळतो. कागदावर वाचलं की हा नुसता आकडा वाटतो. प्रत्यक्षात दहा पावलं, थांबा, दहा पावलं, थांबा. नाना मनात काहीतरी म्हणत चढत होते. जवळ गेल्यावर ऐकू आलं, हरिपाठ. ओवीच्या चालीवर पावलं.

ढग इतके खाली होते की पुढचा माणूस दिसत नव्हता. साडेअकराच्या सुमाराला पुढून ओरडा आला आणि चढ संपला.

खिंडीत दगडांच्या राशी, वाऱ्याने चिंध्या झालेले प्रार्थनेचे झेंडे. इंद्रासन शिखर दिसेल म्हणून सांगितलं होतं, दिसलं नाही. पण जे दिसलं त्यासाठी मी पुन्हा एवढं चढेन. मागे, आम्ही आलो त्या बाजूला, सगळं पांढरं. ढगांची भिंत, खालून वर उकळत येणारी, अंगावर तुषार. पुढे, फक्त शंभर पावलांवर, निळं आकाश. खाली तपकिरी, राखाडी, उघडे डोंगर, एक झाड नाही. ढग खिंडीपर्यंत येत होते आणि वरच विरत होते.

हे मी आधी पाहिलंय, असं वाटलं. पावसाळ्यात वैशाखऱ्याहून नाणेघाट चढताना अंगावर कोकणचा पाऊस असतो, आणि वर पोचून जुन्नरच्या दिशेने निघालं की थोड्याच अंतरात पाऊस पातळ होत होत संपतो. तीच गोष्ट. तिथे आठशे-नऊशे मीटरवर, इथे चार हजारांवर. पाऊस डोंगराच्या एका बाजूला सगळं ओतून मोकळा होतो आणि पलीकडच्यांना फक्त ढग दिसतात. गद्द्याची मेंढरं कशासाठी चढतात ते इथे उभं राहिल्यावर समजलं.

नाना दगडांच्या राशींकडे बघत म्हणाले, "जकातीचा रांजण कुठाय?"

बंगळुरूच्या मुलांना आम्ही का हसतोय ते समजावायला दहा मिनिटं लागली. सातवाहन, व्यापारी, नाणी टाकायचा दगडी रांजण, सगळं सांगितलं. एकाने खरंच एक रुपया काढून दगडावर ठेवला. नानांनी तो उचलून त्याच्या खिशात परत टाकला, इथे कचरा नको म्हणाले.

उतार सरळ खाली, शिया गोरूपर्यंत. भुसभुशीत, दगड निसटणारा. अर्ध्या वाटेत माझ्या उजव्या बुटाने तोंड उघडलं. तळवा पुढून सुटला आणि प्रत्येक पावलाला फट् फट् वाजू लागला.

आता ती चूक. हे बूट चांगले होते, महागाचे, जेमतेम तीनदा वापरलेले. मग चार वर्षं माळ्यावर खोक्यात. नवेच तर आहेत, म्हणून येऊरला सराव करताना रोजचे जुने स्पोर्ट शूज वापरले आणि हे जपून ठेवले. पण अशा बुटांच्या तळव्यात जो फोमसारखा थर असतो तो दमट हवेत वापर नसतानाही आतून कुजतो. ठाण्याची हवा तर वर्षातले आठ महिने दमटच. वरून बूट नवा, आतून भुगा. म्हणून सांगते, जुने बूट असतील तर निघायच्या महिनाभर आधी बाहेर काढा, घालून चार-पाच वेळा डोंगरावर जा. तुटायचे असतील तर येऊरला तुटू द्या. आणि सॅकमध्ये चार-पाच मीटर मजबूत नायलॉनची दोरी ठेवा. लीडरने माझा बूट दोरीने आणि चिकटपट्टीने असा बांधला की तो तिळगुळाच्या पुडीसारखा दिसत होता. त्या पुडीवर मी मुक्कामाला पोचले, सगळ्यांत शेवटी, पाचनंतर.

शिया गोरूला वारा भयंकर. तंबूचं कापड रात्रभर टाळ्या वाजवत होतं. पाऊस मात्र संपला होता.

बुधवार – छत्रू, नाला

सकाळी पहिल्या अर्ध्या तासात पुन्हा नदी ओलांडायची. ही जवारापेक्षा थंड. चिकटपट्टी भिजली, सुटली. तासाभराने डाव्या बुटानेही उजव्याचं ऐकलं. पुढचं अंतर मी मोजे आणि सँडल घालून चालले, मुक्ता माझी सॅक धरून. साडेतीन तासांच्या चालीला साडेपाच तास लागले. दहालाच निघायची गाडी छत्रूला आमच्यासाठी एकपर्यंत थांबली. बाकीच्या नऊ जणांनी एक शब्द काढला नाही, म्हणून जास्तच लाजल्यासारखं झालं.

नाना मात्र केव्हाच पोचले होते आणि रिकामा वेळ त्यांना मानवला होता. छत्रूला ढाब्यांच्या मागून चंद्रा नदी वाहते, सिमेंट कालवल्यासारखी राखाडी. ही पुढे तांदीला भागा नदीला मिळते, दोघी मिळून चंद्रभागा, आणि तीच खाली चिनाब होते. चंद्राची मुलगी चंद्रा आणि सूर्याचा मुलगा भागा, त्यांचं लग्न तांदीला, अशी तिथली गोष्ट ढाब्यावाल्या बाईंनी नानांना सांगितली. पंढरपूरची चंद्रभागा म्हणजे आपली भीमाच, तिथे चंद्रकोरीसारखी वळते म्हणून ते नाव. दोन्हींचा एकमेकींशी काही संबंध नाही, हे नानांना पक्कं माहीत. तरी त्यांनी खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली गरम पाण्याने धुऊन घेतली, काठाशी वाकून भरली आणि मोज्यात गुंडाळून सॅकमध्ये ठेवली. मी पोचले तेव्हा ते हात पुसत होते. "वेळेत आली असतीस तर हे जमलं नसतं," म्हणाले. गोकुळाष्टमीचा उपास, सकाळपासून दोन राजगिऱ्याचे लाडू.

आम्ही ढाब्यावर राजमा-चावल खाल्ला आणि निघालो. त्याला रस्ता म्हणायचं ते कागदावरच, एरवी नदीचं सुकलेलं पात्र आणि त्यातून गाडीची वाट. मग तासाभराने गाड्यांची रांग. पुढे नाला रस्त्यावरून वाहत होता.

इथलं गणित आपल्या पावसाळी ओढ्यांपेक्षा उलटं आहे. आपल्याकडे पाऊस थांबला की ओढा उतरतो. इथे लख्ख ऊन पडलं की ओढा चढतो. रात्री वरचं बर्फ गोठलेलं असतं, सकाळी नाल्यात घोटाभर पाणी. दुपारी ऊन तापलं की वितळून सगळं खाली येतं. आमचा लाहौली ड्रायव्हर गाडीच्या बॉनेटवर बसून म्हणाला, "दस बजे आते तो चप्पल में निकल जाते." माझ्याकडे बघून नाही म्हणाला, पण मी खाली बघितलं. तुम्ही जाल तेव्हा मोठे नाले दुपारच्या आत पार होतील असं बघा, एवढं एक लक्षात ठेवलं तरी पुरे.

अडीच तास थांबलो. दोन मोटरसायकलवाले मधेच अडकले, एकाची बाइक आडवी झाली. मग सगळे ड्रायव्हर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले आणि दगड हलवून चाकांपुरता मार्ग केला. कुणी कुणाला सांगत नव्हतं, ज्याला जो दगड उचलेल तो उचलत होता. पहिली गाडी निघाली तेव्हा शिट्ट्या वाजल्या. आमच्या गाडीला पाठीमागून धक्का द्यायला नाना उतरले होते. उपाशी माणसाने असं करू नये असं मी ओरडले, पाण्याच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही.

बातलला पूल ओलांडला की एक वाट कुंझुम खिंडीकडे जाते आणि एक १४ किलोमीटरची चंद्रतालला. त्या वाटेवर अंधार पडला. तळ्याच्या काठावर तंबू ठोकायला बंदी आहे, ते बरंच आहे. २००५ पासून ही रामसर यादीतली, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ जागा आहे. मुक्कामाचे तंबू काही किलोमीटर अलीकडे असतात. आम्ही पोचलो तेव्हा साडेसात वाजले होते, हात पुढे केला तर दिसत नव्हता. मुक्ताला संध्याकाळचे फोटो हवे होते. माझ्या बुटांनी ते घालवले. तिने सांत्वन म्हणून माझी पाठ थोपटली, ते जास्त लागलं.

रात्री पावणेबाराला नानांनी हाक मारली. "बाहेर ये, टोपी घाल."

गोकुळाष्टमीचा चंद्र मध्यरात्री उगवतो, हे लहानपणापासून ऐकलेलं. ठाण्यात तो कधी बघितला नव्हता. समोर इमारत असते. आकाशात चांदण्या इतक्या होत्या की ओळखीचे सप्तर्षीही शोधावे लागले असते. पूर्वेच्या डोंगराची कड हळूहळू उजळत गेली. डोंगर उंच, त्यामुळे चंद्राला वर यायला आणखी अर्धा तास लागला. अर्धाच, पिवळट, कडेवर टेकलेला. नानांनी खिशातून पुडी काढली. सुंठवडा. काकूंनी करून दिलेला, खोबरं, खडीसाखर, सुंठ. हातमोजे काढून प्रत्येकाला चिमूटभर. इंदूरचं जोडपं उठलं होतं, त्यांच्याकडे पंजिरी करतात म्हणाले, पण हे चालेल. ड्रायव्हर गाडीत झोपला होता, त्यालाही काचेवर टकटक करून दिला. उणे तापमानात सुंठ जिभेला लागते तेव्हा कळतं की जन्माष्टमीला सुंठवडाच का. बाळंतिणीला ऊब म्हणून असेल, पण आमच्या घशालाही चालली.

संध्याकाळी तळं दिसलं असतं तर थकून नऊला झोपलो असतो. हे मी मुक्ताला सांगितलं. तिने मान्य केलं नाही.

गुरुवार – तळं आणि बोगदा

सहाला गाडी निघाली, शेवटचा सुमारे किलोमीटरभर पायी. एका चढावरून वळलं आणि खाली ते होतं.

रंग सांगायला गेलं की चुकतं. पोचलो तेव्हा काळसर, शाईसारखं. ऊन डोंगरावरून उतरत काठापर्यंत आलं तसं मधे हिरवं, कडेला इतकं नितळ की तळाचे दगड मोजता येत होते. वारा नव्हता, समोरचे डोंगर उलटे होऊन त्यात उभे होते. आम्ही पूर्ण फेरी मारली, तासाभराच्या थोडी वर. नानांना तलावपाळीच्या फेऱ्यांची सवय, त्यांनी उजव्या हाताने सुरुवात केली, प्रदक्षिणेसारखी. युधिष्ठिराला न्यायला इंद्राचा रथ इथे उतरला अशी कथा आहे. नाना म्हणाले, उतरला असेल तर पार्किंगला जागा भरपूर आहे.

पाण्यात उतरू नका. बंदी आहे आणि कारण आहे, इतक्या थंड पाण्यात चांगले पोहणारेही बुडालेत. नानांनी फक्त डोळ्यांना पाणी लावलं. काठावर एक चिप्सचं पाकीट सापडलं, मुक्ताने उचलून खिशात घातलं. बाकी काही नव्हतं. एक पाटी सोडली तर बाक नाही, काही विकायला नाही, बोट नाही. एक करड्या रंगाचं बदक की काय ते पाण्यावर होतं, ते आमच्याकडे लक्ष न देता मधे निघून गेलं. अर्धा तास कुणी बोललं नाही. नानाही नाही, ही बातमी.

हवामानाबद्दल मात्र सावध राहा. २०२३ च्या जुलैत अवेळी बर्फ पडून अडीचशेहून जास्त लोक इथे अडकले होते, त्यांना बाहेर काढायला काही दिवस लागले. परतीच्या तिकिटाआधी किमान एक दिवस मोकळा ठेवाच. आमचा तसा होता, वापरावा लागला नाही.

नाले सकाळी ओलांडले. कालचा तोच नाला, खरोखर चपलेत जाता आलं असतं. कोकसरच्या पुढे फोन थरथरायला लागले. पन्नास-साठ मेसेज, सगळे हंड्यांचे. आमच्या नाक्यावर सात थर लागले होते, मुक्ताच्या आईने तीनदा पाठवलं होतं.

मग अटल बोगदा. ९ किलोमीटरच्या थोडा वर, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. आत शिरलो तेव्हा लाहौलचं कडक ऊन. दहा-बारा मिनिटांनी बाहेर पडलो तर काचेवर पाऊस, ढग, ओली देवदारं, धबधबे. ड्रायव्हरने वायपर लावला. मंगळवारी जे ओलांडायला आम्हाला तीन दिवस आणि एक बुटांची जोडी लागली होती, ते. नाना मागे वळून बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिले. "कर्जतच्या बोगद्यात पण असंच होतं," म्हणाले.

हिशेब विचारणाऱ्यांसाठी: ट्रेकचे माणशी साधारण १३ हजार पडले, त्यात तंबू, जेवण आणि चंद्रतालची गाडी. प्रवास वेगळा.

नंतर

स्टेशनजवळच्या चांभाराकडे बूट नेले. त्याने तळव्यात अंगठा दाबला, काळा भुगा खाली पडला. "ताई, हे शिवायचं कशाला धरून?" म्हणाला.

आणि पुढच्या सोमवारी, श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी, नानांनी पहाटे साडेपाचला बेल वाजवली. कौपिनेश्वराला जायचं होतं. रांग तलावपाळीच्या कडेपर्यंत आली होती, पाऊस चालू, छत्र्यांवरून एकमेकांच्या मानेवर पाणी. नानांनी मोज्यातून औषधाची बाटली काढली. आठवडाभरात गाळ तळाशी बसून बोटभर राखाडी थर झाला होता आणि वर पाणी अगदी स्वच्छ. मला धरायला दिली, "हलवू नकोस" म्हणाले.

गाभाऱ्यात पुजाऱ्यांनी बाटली उजेडात धरली. "गंगा का?"

"चंद्रभागा."

"पंढरपूरची?"

"नाही," नाना म्हणाले, "वरची."